एक फ्रेम, तीन नळ्या: आठ महिने वापरल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, ब्रँडचं नाव लिहिणार नाहीये. एका नळीवरून कंपनीशी मेलामेली अजून चालू आहे, ती मिटेपर्यंत नाव घेऊन बोंब मारणं मला पटत नाही, आणि तसंही मला जे बोलायचंय ते एका ब्रँडपेक्षा या सगळ्या प्रकाराबद्दल जास्त आहे. प्रकार म्हणजे सिंगल शॉट रायफल, मधून मोडणारी, फ्रेम एक, दस्ता एक, चाप एक, आणि नळ्या मात्र हव्या तशा बदलायच्या. माझ्याकडे .२२३ आणि .३०८ (ही काडतुसांची नावं, .३०८ त्यातलं मोठं) अशा दोन नळ्या पहिल्यापासून होत्या, .२२ एलआर या छोट्या काडतुसाची तिसरी मागाहून मागवली आणि तिथेच सगळा घोळ झाला, पण तो पुढे.

घेतली का, तर सराव. रोज .३०८ उडवणं खिशालाही परवडत नाही आणि खांद्यालाही नाही. वाटलं की .२२ वर त्याच दस्त्यावर गाल टेकवून, त्याच चापावर बोट ठेवून हजार गोळ्या मारल्या तर मोठ्या नळीवर गेल्यावर हात आपोआप तसाच चालेल. हा हिशोब मला अजूनही बरोबर वाटतो, त्याबद्दल तक्रार नाही. कपाटात तीन रायफली ठेवण्यापेक्षा एक फ्रेम आणि तीन नळ्या ठेवणं सुटसुटीत, हेही खरं.

नळी बदलणं दिसायला एकदम सोप्पं आहे. फोरएंडचे, म्हणजे नळीखाली पुढचा हात धरतो त्या भागाचे, स्क्रू काढायचे, फोरएंड बाजूला ठेवायचा, बिजागरीची पिन ढकलून काढायची, नळी हातात येते, दुसरी बसवायची, पिन घालायची, फोरएंड परत. मला पहिल्यांदा वीस मिनिटं लागली कारण पिन निघत नव्हती आणि मी घाबरत घाबरत ठोकत होतो, आता पाच मिनिटांत होतं. दुकानात दाखवताना तो माणूस दोन मिनिटांत करून दाखवतो आणि आपण तिथेच भुलतो, मीही भुललो.

रेंजवर आमचे एक सर आहेत, जुने शूटर. मी कौतुकाने नळ्या दाखवायला लागलो तर त्यांनी नळीकडे बघितलंच नाही. म्हणाले, "नळ्या सगळ्याच चांगल्या असतात रे आजकाल, तू बिजागरी दाखव." मग फोरएंड काढायला लावला, बंदूक रिकामी आहे ना ते स्वतः दोनदा बघितलं, आणि एका हाताने फ्रेम, दुसऱ्या हाताने नळी धरून डावीउजवीकडे हलवून बघितली. हलली नाही. मग उजेडासमोर धरून नळीचं बूड आणि फ्रेम यांच्यामध्ये फट दिसते का ते बघितलं. "सध्या ठीक आहे. दर दोन महिन्यांनी हेच करायचं," एवढं बोलून चहाला गेले. तेव्हा मला ते जरा खडूस वाटलं, आता वाटतं की अख्ख्या रिव्ह्यूत सांगण्यासारखं तेवढंच आहे. अशी रायफल विकत घेताना आपण खरं तर एक सांधा विकत घेतो. नळी कुणीही चांगली बनवेल, पण तो सांधा शंभर वेळा उघडून, नळ्या पन्नास वेळा बदलून, दर वेळी तिथल्या तिथे त्याच जागी येऊन बसला पाहिजे, नाहीतर बाकी सगळं फुकट.

यात सांध्यावर नेमकं काय येतं ते जरा समजून घेतलं तर खरेदीत फसवणूक कमी होते. बार होतो तेव्हा गोळी पुढे जाते आणि तेवढ्याच जोराने काडतुसाचं बूड मागे फ्रेमवर आदळतं. हा जोर नुसत्या दाबावर ठरत नाही, दाब गुणिले काडतुसाच्या आतल्या बुडाचं क्षेत्रफळ असा तो हिशोब आहे. .२२ एलआरचा कमाल दाब २४,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), .२२३ चा ५५,०००, .३०८ चा ६२,०००. वाचताना .२२३ आणि .३०८ शेजारी शेजारी वाटतात, पण .२२३ चं बूड साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास आणि .३०८ चं बारा, म्हणजे क्षेत्रफळ दीडपटीच्या वर, त्यात दाबही जास्त, त्यामुळे सांध्यावरचा मार पाऊणेदोन पटीच्या आसपास जातो. त्यातून मोडणाऱ्या फ्रेममध्ये बिजागरी नळीच्या रेषेच्या खाली असते, म्हणजे प्रत्येक बारला फ्रेम कोपरासारखी उघडायला बघते आणि तिला धरून ठेवतो तो बिचारा खालचा खटका. म्हणून एकच फ्रेम सगळ्यालाच चालत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे थॉम्पसन/सेंटर या अमेरिकन कंपनीची कंटेंडर. वॉरन सेंटर नावाच्या माणसाचं डिझाइन, १९६७ साली बाजारात आली, मुळात पिस्तूल म्हणून, आणि नळी बदलायची ही कल्पना सर्वसामान्य शूटरपर्यंत आणली ती तिनेच. .२२ एलआरपासून .४५-७० पर्यंत नळ्या तिला मिळायच्या. लोकांना प्रश्न पडतो की एवढं दांडगं .४५-७० चालतं मग .३०८ का नाही, तर उत्तर वरच्याच हिशोबात आहे, .४५-७० चं बूड मोठं असलं तरी दाब फक्त २८,००० पीएसआय. .३०८ आणि .३०-०६ सारख्यांसाठी त्यांना १९९० च्या दशकात एन्कोर नावाची वेगळी, जाडजूड फ्रेम काढावी लागली आणि एन्कोरच्या नळ्या कंटेंडरला बसत नाहीत, कंटेंडरच्या एन्कोरला बसत नाहीत. एन्कोरला मात्र शॉटगनची नळीपण मिळायची आणि चक्क ठासणीची पण, म्हणजे तोंडातून दारू भरून ठासायची ती. एकाच दस्त्यावर ठासणीची बंदूक आणि .३०-०६, मला हे अजूनही भारी वाटतं.

कंटेंडरमधली अजून एक गोष्ट मला खूप आवडते. रिमफायर काडतुसाला (.२२ एलआर त्यातलं) पिन कडेला मारावी लागते आणि सेंटरफायरला (.२२३, .३०८) मध्यभागी, मग एका फ्रेममध्ये दोन्ही कसं जमवायचं, तर त्यांनी फ्रेममध्ये दोन पिन दिल्या आणि कुठली मारायची ते बंदुकीच्या घोड्यावर, म्हणजे हॅमरवर, फिरवून ठरवायचं. साधं आणि डोळ्याला दिसणारं. माझ्यात पण असाच प्रकार आहे पण निवडायचं बटण इतकं बारीक आहे की दोनदा ते चुकून रिमफायरवर राहिलेलं दिसलंच नाही, नुसतं टक झालं, बार नाही, आणि मी काडतुसाला शिव्या घालत बसलो. अशा वेळी लगेच उघडायचं नसतं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लिहितो, नळी टार्गेटकडेच ठेवून थांबायचं आणि मग उघडायचं, कारण बटण चुकलंय की बार उशिरा होणार आहे हे त्या क्षणी कळत नाही.

आता मुद्द्याचं, झीरो, म्हणजे स्कोप दाखवतो तिथेच गोळी लागणं, नळी बदलल्यावर परत येतो का. या प्रकारात स्कोप फ्रेमवर नसतो, नळीवरच बसतो, आणि हा खरा फायदा आहे. स्कोप रिसीव्हरवर, म्हणजे बंदुकीच्या मधल्या धडावर, असेल अशा रायफलीची नळी बदलली की झीरो नव्याने करायचा, सुटका नाही. इथे प्रत्येक नळीचा स्वतःचा स्कोप, नळी आणि स्कोप ही जोडी कधी तुटतच नाही. म्हणजे बजेट करताना नळीची किंमत बघू नका, नळी अधिक स्कोप अधिक माउंट असं धरा. मी धरलं नव्हतं. सुरुवातीला एकच स्कोप दोन्ही नळ्यांवर फिरवायचा शहाणपणा केला आणि दोन रविवार नुसते झीरो करण्यात घालवले.

टेस्ट मी अशी केली, १०० मीटरवर पाच गोळ्यांचा गट, मग नळी काढून परत लावायची, पुन्हा पाच, असं चार वेळा, नळी दर वेळी पूर्ण थंड होऊ देऊन. .२२३ ने मन जिंकलं, चारही गट एकावर एक, फरक असलाच तर अंगठ्याच्या नखाएवढा आणि त्यातला निम्मा माझ्या हाताचा असणार. .३०८ ने मात्र डोकं फिरवलं, दर वेळी गट छान घट्ट पण जागा वेगळी, एकदा वर, एकदा डावीकडे. मला वाटलं बिजागरीच गेली. स्कोप तपासला, माउंट तपासले, काडतुसं बदलली. शेवटी सरच म्हणाले, फोरएंडचे स्क्रू किती आवळतोस? मी म्हटलं, घट्ट होईपर्यंत. म्हणजे किती? त्याला उत्तर नव्हतं.

यात फोरएंड थेट नळीलाच स्क्रूने लटकलेला असतो. स्क्रू कमीजास्त आवळला की नळीवरचा ताण बदलतो, बार होताना नळी जी थरथरते ती वेगळी थरथरते आणि गोळी दुसरीकडे जाते. कंटेंडर, एन्कोर वापरणाऱ्या लोकांचं हे जुनं दुखणं आहे, त्यावर त्यांनी नाना उपाय केलेत. मी टॉर्कचा पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरावरच आवळणारा, आणला, मॅन्युअलमध्ये आकडा होता तो मी वाचलाच नव्हता, त्या आकड्यावर दर वेळी आवळला आणि .३०८ पण शहाण्यासारखी एका जागी मारायला लागली. अजून एक, बाकावर सँडबॅग फोरएंडच्या पुढच्या टोकाला ठेवायचो ती मागे, फ्रेमच्या जवळ आणली, त्यानेही फरक पडला. कंपनीने पाना खोक्यातच द्यायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे, एवढी महाग वस्तू आणि सोबत दिलीय ती एक वाकडी ॲलन की.

आता तिसरी नळी. मागवली, बऱ्याच दिवसांनी आली, उत्साहाने बसवायला गेलो तर बंदच होईना. जोर लावून बंद केली तर खटका पूर्ण बसत नाही, उघडताना गुडघ्यावर घेऊन उघडायला लागतेय. हे मी ताबडतोब थांबवलं, खटका पूर्ण बसला नसेल तर त्या बंदुकीत काडतूस घालायचंच नाही, ती .२२ असली म्हणून काय झालं. कंपनीला मेल टाकला तर उत्तर आलं की फ्रेम पाठवा, आम्ही नळी तुमच्या फ्रेमला फिट करून देतो. अहो मग "कुठलीही नळी, कुठलीही फ्रेम" हे खोक्यावर कशाला छापलंय?

खरं सांगायचं तर फ्रेम मागवून फिटिंग करणं यात चूक काही नाही, बरेच दिवस चालत आलेली पद्धत आहे. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची हँडी रायफल होती, साधी, स्वस्त, तिला जादा नळी हवी असेल तर फ्रेम कारखान्यात पाठवायची आणि तिथला माणूस हाताने बसवून द्यायचा, आणि तसं ते उघड सांगायचे. नळीत काडतूस जिथे टेकतं तिथपासून फ्रेमच्या चेहऱ्यापर्यंतच्या अंतराला हेडस्पेस म्हणतात, ते कमी पडलं तर बंदूक मिटत नाही आणि जास्त झालं तर काडतूस मागे ताणलं जाऊन फाटू शकतं, त्यामुळे हे काम गेज हातात असलेल्या माणसाचंच आहे. घरी कानस घेऊन खाच घासणारे महाभाग मी बघितलेत, त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये मी उभा राहत नाही. राग फिटिंगचा नाही. राग याचा की दोनपैकी एक काय ते आधी सांगा, एकतर मापं इतकी काटेकोर धरा की कुठलीही नळी थेट बसेल, किंवा सांगा की फिटिंग लागेल, इतके आठवडे लागतील, आणि तोवर तुमची फ्रेम आमच्याकडे असल्यामुळे बाकीच्या दोन नळ्याही कपाटात पडून राहतील. हे शेवटचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! फ्रेम गेली की सगळंच गेलं.

काटेकोरपणा काय असतो ते बघायचं असेल तर ब्लेझरची के९५ कुणाकडे मिळाली तर हातात घेऊन बघा. एका मित्राच्या ओळखीने मला एकदा मिळाली. तीही मोडणारी, एकनळी, नळ्या बदलता येणारी, पण बंद करणारा खटका तिथे एक तिरका होणारा ठोकळा आहे, टिल्टिंग ब्लॉक, त्यामुळे एवढी नाजूक दिसणारी बंदूक मॅग्नम काडतुसं पचवते. घोडा बाहेर नाही, अंगठ्याने सरकवून चढवायचं, तोवर स्प्रिंगवर ताणच नाही, म्हणजे भरलेली असली तरी निश्चिंत. बंद होतानाचा आवाजच वेगळा, चांगल्या गाडीचं दार लागावं तसा. किमतीचं विचारू नका, मीही विचारलं नाही.

काडतूस निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्या जी दुकानात कुणी बोलत नाही. मोडणाऱ्या बंदुकीला रिमवालं काडतूस, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेलं, मनापासून आवडतं. कड नळीच्या तोंडाशी टेकते, एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे काडतूस बाहेर ढकलणाऱ्या भागाला, धरायला काहीतरी मिळतं, सगळं सोपं. जर्मन लोकांनी तर याच्यासाठी काडतुसांच्या जोड्याच केल्या, ब्रेनेकेचं १९१७ चं ७x६४ बोल्टवाल्या रायफलींसाठी आणि त्याचंच कड असलेलं भावंड ७x६५आर मोडणाऱ्या बंदुकांसाठी. .२२३ आणि .३०८ ला अशी बाहेर आलेली कड नाही, मग एक्स्ट्रॅक्टरमध्ये छोटा स्प्रिंगवाला दात लागतो जो खाचेत अडकतो. माझ्या .२२३ मध्ये तो दात मध्येच मान टाकतो आणि रिकामं पुंगळं नखाने उचकटायला लागतं. .३०८ मध्ये अजून एकदाही नाही. मी जर आज पहिल्यापासून घेत असतो तर एक तरी नळी .३०-३० ची घेतली असती, कड आहे, दाब ४२,००० पीएसआय म्हणजे सांध्याला त्रास कमी, आणि माझ्या अंतरांना पुरून उरते.

आणि काडतुसांचा घोळ! एका फ्रेमला तीन नळ्या म्हणजे बॅगेत तीन प्रकारची काडतुसं, हीच या सिस्टीमची सगळ्यात धोक्याची बाजू आणि रिव्ह्यूंमध्ये याबद्दल कुणी लिहीत नाही. शॉटगनवाल्यांना २० बोअर आणि १२ बोअरचा किस्सा माहीत असतो, २० चं काडतूस (आकडा मोठा पण काडतूस बारीक) १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं, वाटतं भरलेलंच नाही, मागून १२ चं घातलं की नळी फुटते. रायफलीत .३०० ब्लॅकआउट आणि .२२३ ची जोडी तशीच, पुंगळं एकाच घराण्यातलं असल्यामुळे ब्लॅकआउटचं काडतूस कधीकधी .२२३ च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, बसतं आणि मग जाड गोळी बारीक नळीत. म्हणून मी ती जोडी घ्यायचीच नाही असं ठरवलं, सेल्समन खूप मागे लागला होता. बाकावर एका वेळी एकच प्रकारचं खोकं, बाकीची गाडीत. नळीवर कॅलिबर कोरलेलं असतं पण ते फोरएंडच्या जवळ बारीक अक्षरात, मी प्रत्येक नळीच्या स्कोपच्या झाकणाला आणि त्याच काडतुसाच्या खोक्याला एकाच रंगाची चिकटपट्टी लावली आहे. हसतात लोक, हसू देत.

चाप बरा आहे, कोरा करकरीत सुटतो पण ओढायला जड आहे, पाचशे गोळ्यांनंतर सवय झाली. दस्ता .२२३ ला उत्तम आणि .३०८ ला खांदा सोलणारा, कारण दस्ता एकच आणि बंदूक हलकी. रबराचं पॅड बदललं तेव्हा कुठे सुसह्य झाला. तोलही नळीगणिक बदलतो, जाड नळी लावली की नाक खाली.

देखभाल म्हणाल तर फार नाही, पण सांध्याला जपायचं. बिजागरीच्या पिनेला ग्रीसचं बोट, फार नाही, जास्त लावलं की धूळ पकडते. नळी बसवायच्या आधी खालची खाच आणि फ्रेमचा चेहरा फडक्याने पुसायचा, न जळलेल्या दारूचा एक दाणा तिथे राहिला तरी बंद होताना हाताला कळतं. आणि पिक्चरमध्ये दाखवतात तशी झटका देऊन एका हाताने बंद करायची नाही, दोन हातांनी हळू मिटायची, झटक्यांनीच या बंदुका खिळखिळ्या होतात.

कायद्याचं एवढंच की नळी मागवायच्या आधी आपल्या इथला नियम वाचा, सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेत फ्रेम म्हणजे बंदूक आणि नळी म्हणजे सुटा भाग, ब्रिटनमध्ये नळीसुद्धा परवान्यावर चढते. आणि अमेरिकेतही वाटतं तेवढं सोपं नाही, खांद्याला लावायचा दस्ता असेल तर १६ इंचांपेक्षा आखूड नळी हा वेगळाच गुन्हेगारी मामला होऊ शकतो. कंटेंडरचं पिस्तूल आणि सोबत दस्ता अधिक २१ इंची नळी असा सेट विकला म्हणून ती आखूड रायफल धरायची का, यावर २०० डॉलरच्या करासाठी प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं होतं, १९९२ मध्ये निकाल थॉम्पसन/सेंटरच्या बाजूने लागला. एका नळीवरून एवढं रामायण.

घ्यावी का? सावकाश, एक एक गोळी मोजून मारणाऱ्याला, ज्याला सरावाची नळी आणि कामाची नळी एकाच दस्त्यावर हवी आहे त्याला, जरूर. ज्याला पटकन दुसरा बार लागतो त्याने या वाटेला जाऊच नये. आणि घेणार असाल तर नळ्या फ्रेमसोबत एकदमच घ्या, दुकानातच तिन्ही बसवून, मिटवून, हलवून बघा, मागाहून मागवू असं म्हणू नका. पाचपैकी गुण द्यायचे तर .२२३ ला साडेचार, .३०८ ला टॉर्कच्या पान्यासकट चार, आणि कंपनीच्या सर्व्हिसला एक, तोही उत्तर तरी आलं म्हणून.

फ्रेम गेल्या महिन्यात पाठवली. परवा मेल आला की नळी फिट झाली आहे, आता फोरएंडचे स्क्रू मिळत नाहीयेत, ते तुम्ही पाठवले होते का?